सिलिकॉन कार्बाइडची अग्निपरीक्षा

हिऱ्यांच्या व्यवहाराशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना 'मॉइसनाइट' हे नाव आता नवे राहिलेले नाही. डोळ्यांना हिऱ्यासारखा भासणारा हा खडा उष्णता इतक्या सहजतेने वाहून नेतो, की केवळ उष्णतावहन मोजणारे साधे परीक्षणयंत्र त्याला हिराच समजते. अनुभवी पारखी मात्र भिंगातून पाहताना मागील पैलूंच्या कडा जोडीने दिसतात का, हे पाहून त्याची ओळख पटवितो. हा खडा म्हणजे सिलिकॉन आणि कार्बन यांचे संयुग, अर्थात सिलिकॉन कार्बाइड. सराफी पेढीवर हिऱ्याचा पर्याय म्हणून ओळखला जाणारा हाच पदार्थ, अगदी निराळ्या रूपात, आज विमानाच्या इंजिनात, अग्निबाणाच्या नळकांड्यात आणि कारखान्याच्या भट्टीत आगीशी झुंजत असतो. त्याची ही दुसरी बाजू सुज्ञ वाचकांपुढे ठेवावी, असा या लेखाचा हेतू आहे.

वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बँकेतील निवृत्त अधिकारी या विषयाकडे कसा वळला, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. कर्जप्रस्ताव तपासताना आम्हाला दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागत : तारण मालमत्तेचे मूल्य आणि कर्ज फेडण्याची प्रत्यक्ष क्षमता. पहिली बाब कागदावर भक्कम दिसते. खरी कसोटी दुसरीची असते. उच्च तापमानात वापरल्या जाणाऱ्या पदार्थांविषयी वाचू लागलो तेव्हा हाच भेद तेथेही आढळला. पदार्थाचा वितळणबिंदू हे त्याचे कागदावरील मूल्य; तो आगीत किती काळ टिकतो, ही त्याची परतफेडीची क्षमता. या दोहोंत पुष्कळदा मोठे अंतर असते, आणि ते अंतर भरून काढण्यासाठी शास्त्रज्ञांची कित्येक दशके खर्ची पडली आहेत.

नावातील भारतीय शब्द

१८९१ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात एडवर्ड अ‍ॅचेसन या संशोधकाने चिकणमाती आणि कोळशाची भुकटी यांचे मिश्रण लोखंडी भांड्यात घालून त्यातून प्रबळ विद्युतप्रवाह सोडला. भांडे थंड झाल्यावर त्याला कार्बनच्या कांडीभोवती चमकणारे बारीक कठीण स्फटिक दिसले. हे कार्बन आणि कुरुंद यांचे संयुग असावे, असा त्याचा समज झाला आणि त्याने त्याला 'कार्बोरंडम' असे नाव दिले. इंग्रजीतील 'कोरंडम' हा शब्द भारतीय भाषांतून गेलेला आहे. संस्कृतातील कुरुविंद, तमिळमधील कुरुंदम आणि आपल्या मराठीतील कुरुंद ही त्याचीच भावंडे. प्रत्यक्षात त्या स्फटिकांत कुरुंद नव्हताच. ते सिलिकॉन कार्बाइड होते. समज चुकीचा ठरला तरी नाव टिकले.

त्याच सुमारास, १८९३ मध्ये, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आन्री म्वासाँ हे अ‍ॅरिझोनात सापडलेल्या एका उल्केच्या तुकड्यांचा अभ्यास करीत होते. त्यातील स्फटिक त्यांना आरंभी हिरे वाटले. पुढे ते सिलिकॉन कार्बाइड असल्याचे सिद्ध झाले आणि १९०५ मध्ये त्या नैसर्गिक खनिजाला म्वासाँ यांच्या नावावरून 'मॉइसनाइट' म्हटले जाऊ लागले. पृथ्वीवर हे खनिज अतिशय दुर्मीळ आहे. म्हणून उद्योगात लागणारा सारा माल वाळू आणि पेट्रोलियम कोक यांपासून, अ‍ॅचेसनच्याच पद्धतीच्या भट्टीत, दोन हजार अंशांहून अधिक तापमानाला तयार केला जातो. पॉलिश पेपर, धार लावण्याचे दगड, भट्टीतील फळ्या आणि तापविण्याच्या कांड्या अशी त्याची अनेक रूपे आहेत.

भट्टीतून निघतो तो चुरा. या चुऱ्यापासून अखंड, भक्कम वस्तू घडवायची कशी, हा खरा प्रश्न होता.

सिंटरिंग म्हणजे काय?

धातू वितळवून साच्यात ओतता येतो. सिलिकॉन कार्बाइडच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. सामान्य दाबाखाली तो वितळतच नाही; सुमारे २७०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे विघटन होऊ लागते. अशा वेळी उपयोगी पडते ती सिंटरिंग ही प्रक्रिया. बारीक भुकटी दाबून तिला हवा तो आकार द्यायचा आणि वितळणबिंदूच्या खालीच ती दीर्घकाळ तापवायची. आपले कुंभार मडकी भाजतात, त्या विद्येशी हिचे नाते आहे.

लाडू वळताना गुळाचा पाक दाण्यांना बांधून ठेवतो. शुद्ध सिंटरिंगमध्ये असा पाक नसतो. कणच एकमेकांशी जोडले जातात. प्रत्येक सूक्ष्म कणाच्या पृष्ठभागात काही ऊर्जा साठलेली असते. दोन कण जेथे टेकतात तेथे उष्णतेमुळे अणू सरकू लागतात आणि त्या ठिकाणी एक लहानशी मान तयार होते. मान हळूहळू जाड होते, कणांची मध्यबिंदूंची अंतरे कमी होतात, मधल्या पोकळ्या आकसतात आणि एकूण पृष्ठभाग घटल्याने ऊर्जा मोकळी होते. या सगळ्यात वस्तू स्वतः लहान होते. दहा सेंटिमीटर लांबीचा कच्चा तुकडा भट्टीतून बाहेर येताना साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणून साचा घडविणाऱ्याला ही घट आधीच हिशेबात धरावी लागते.

सिलिकॉन कार्बाइड मात्र या प्रक्रियेलाही दाद देत नव्हता. ज्या बळकट रासायनिक बंधांमुळे तो इतका कठीण आहे, त्याच बंधांमुळे त्याचे अणू जागचे हलत नाहीत. तापमान वाढवावे तर कण मोठे होतात, पोकळ्या मात्र तशाच राहतात. १९७०च्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत स्वान्ते प्रोखाझ्का यांनी यातून वाट काढली. अतिशय बारीक भुकटीत अल्प प्रमाणात बोरॉन आणि कार्बन मिसळले, तर दोन हजार अंशांच्या वर, बाहेरून दाब न देताही ती घट्ट होते, असे त्यांनी दाखविले. कार्बन हा कणांवरील ऑक्साइडचे पातळ पटल दूर करतो आणि बोरॉन कणांच्या सीमेवर राहून घनीकरणाला साहाय्य करतो. आज रासायनिक कारखान्यांतील पंपांच्या सीलमध्ये बसविल्या जाणाऱ्या गुळगुळीत काळ्या चकत्या बहुधा याच कुळातील असतात.

दुसरा मार्ग पाकाचा. अ‍ॅल्युमिना आणि यिट्रिया ही ऑक्साइडे थोडी मिसळली, की ती तापल्यावर द्रवरूप होऊन कणांना जवळ ओढतात. काम कमी तापमानाला होते आणि वस्तूची चिवटताही वाढते. पण थंड झाल्यावर हा पाक कणांच्या सीमेवर राहून जातो आणि पुढे वस्तू फार तापली, की तोच आधी मऊ पडतो. तिसऱ्या मार्गात सच्छिद्र आकारात वितळलेले सिलिकॉन शिरवितात. ते आतील कार्बनशी संयोग पावून नवे कार्बाइड बनविते. वस्तू जवळजवळ आकसतही नाही. परंतु थोडे सिलिकॉन शिल्लक राहते आणि ते १४१४ अंशांना वितळते. भट्टीत घेतलेली सवलत पुढे वापरात अशी व्याजासह वसूल होते. कोणती वस्तू किती तापणार आहे हे ठरविल्यावरच यांपैकी मार्ग निवडावा लागतो.

ठिसूळपणावर उपाय

सिलिकॉन कार्बाइडचा मोठा दोष म्हणजे ठिसूळपणा. धातूच्या पट्टीवर ताण आला तर ती आधी वाकते. पाहणाऱ्याला सूचना मिळते. सिरॅमिक वस्तू सूचना न देता तुटते. तिची ताकद सरासरीवर अवलंबून नसते, तर तिच्यातील सर्वांत मोठ्या दोषावर असते. स्वीडनचे अभियंते वालोदी वाइबुल यांनी १९३९ मध्ये या वर्तनाचे गणित मांडले. साखळीची ताकद तिच्या सर्वांत दुर्बळ कडीइतकीच, हे त्याचे सार. त्यातून निघणारा एक निष्कर्ष मननीय आहे. वस्तू जितकी मोठी, तितकी तिच्यात एखादा घातक दोष दडलेला असण्याची शक्यता अधिक. म्हणून प्रयोगशाळेतील लहान पट्टीचा आकडा मोठ्या भागाला जसाच्या तसा लावता येत नाही.

यावर उपाय सापडला तो धाग्यांच्या रूपाने. १९७५ मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातील सेइशी याजिमा यांनी सिलिकॉनयुक्त बहुवारिकापासून धागा काढून आणि तो भाजून सिलिकॉन कार्बाइडचा तंतू मिळविला. केसाहून बारीक अशा तंतूंचे वस्त्र विणायचे, प्रत्येक तंतूवर बोरॉन नायट्राइडचा अतिशय पातळ लेप द्यायचा आणि उरलेल्या जागा पुन्हा सिलिकॉन कार्बाइडने भरायच्या, अशी या संमिश्राची रचना असते. हे भरणकाम कधी वायूतून, कधी द्रव बहुवारिकातून, तर कधी वितळलेल्या सिलिकॉनने केले जाते. लेपाचे काम मोठे चतुराईचे आहे. भेग तंतूपाशी आली, की लेप तिला तंतू तोडू न देता बाजूला वळवितो. भेगा पडतात, पण तंतू भार धरून ठेवतात आणि वस्तूचे एकदम तुकडे होत नाहीत.

अशा संमिश्राचे वजन निकेलच्या मिश्रधातूच्या सुमारे एकतृतीयांश असते आणि ते धातूपेक्षा अधिक उष्णता सोसते. प्रवासी विमानांच्या 'लीप' इंजिनात ते २०१६ पासून प्रत्यक्ष सेवेत आहे. टर्बाइनच्या पहिल्या रांगेतील पात्यांभोवती जे स्थिर कडे असते, ते या संमिश्राचे केलेले आहे. धातूचे कडे थंड ठेवण्यासाठी बरीच हवा खर्ची घालावी लागते. ती वाचते आणि इंधनाची बचत होते. ७ ऑगस्ट २०२२ रोजी मुंबई ते अहमदाबाद या उड्डाणाने सेवेचा आरंभ करणाऱ्या अकासा एअरच्या बोईंग ७३७ मॅक्स विमानांना हीच इंजिने आहेत. त्या मार्गाने सगेसोयऱ्यांकडे जाणाऱ्या अनेक वाचकांनी या पदार्थाच्या भरवशावर प्रवास केलेला असेल.

आगीपेक्षा वाफ घातक

टिकाऊपणाच्या दृष्टीने पाहता सिलिकॉन कार्बाइडला निसर्गाचे एक वरदान आहे. कोरड्या हवेत तापला, की त्याच्या पृष्ठभागावर सिलिका या काचेसारख्या पदार्थाचा पातळ थर तयार होतो आणि तो थर ऑक्सिजनला आत शिरू देत नाही. थर जाड होत जातो तशी त्याची वाढ मंदावते. पदार्थ स्वतःचेच रक्षण करतो.

इंजिनातील हवा मात्र कोरडी नसते. इंधन जळताना पाण्याची वाफ निर्माण होते. ही वेगवान, तप्त वाफ सिलिकाशी संयोग पावून सिलिकॉनचा बाष्परूप हायड्रॉक्साइड तयार करते आणि तो वायूबरोबर वाहून जातो. एकीकडे थर तयार होतो आणि दुसरीकडे तो उडून जातो. ठेवीवरील व्याज तेवढे काढून घेतले तर मुद्दल शाबूत राहते. येथे मात्र थर मुद्दलातूनच तयार होत असल्याने प्रत्येक तासागणिक मुद्दलच झिजते. कोरड्या भट्टीत दीर्घकाळ टिकणारी वस्तू वाफेत हळूहळू पातळ होत जाते.

म्हणून अशा भागांवर यिटर्बियमसारख्या मूलद्रव्यांच्या सिलिकेटांचा संरक्षक लेप दिला जातो. आता सारा भरवसा या लेपावर. २०१७ मध्ये काही लीप इंजिनांतील कड्यांवरचा लेप अपेक्षेपेक्षा लवकर सुटत असल्याचे निदर्शनास आले आणि उत्पादकांना त्यावर सुधारणा करावी लागली. उड्डाणाच्या सुरक्षिततेला त्यापासून धोका नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. पण लेपाचे आयुष्य हेच भागाचे आयुष्य, हा धडा त्यातून सर्वांना मिळाला.

आणखी एक बाब सामान्य समजुतीच्या विरुद्ध आहे. जास्त तापमान म्हणजे जास्त धोका, असे आपण धरून चालतो. या संमिश्रांत ७०० ते ८०० अंशांचा मधला टप्पाही फार कठीण ठरतो. अतिउच्च तापमानाला सिलिका लवकर तयार होऊन बारीक भेगांची तोंडे बुजविते. मधल्या टप्प्यात ती पुरेशा वेगाने तयार होत नाही. भेगेतून ऑक्सिजन आत जातो, बोरॉन नायट्राइडचा लेप नष्ट करतो आणि तंतू भोवतालच्या द्रव्याला चिकटून बसतात. मग भेग वळत नाही, थेट तंतू तोडते. परीक्षा केवळ सर्वोच्च तापमानाला घेतली तर हा दोष दिसतच नाही.

अवकाशाच्या वाटेवरील दोन घटना

सप्टेंबर २००० मध्ये अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने 'शार्प-बी२' नावाचे एक उड्डाण केले. वातावरणात अतिवेगाने परत येणाऱ्या यानाला धारदार कडा देता येतील का, हे पाहणे हा त्याचा उद्देश होता. त्या कडांसाठी झिर्कोनियम किंवा हाफ्नियम यांच्या बोराइडात सिलिकॉन कार्बाइड मिसळून केलेली संमिश्रे वापरली होती. ही बोराइडे तीन हजार अंशांहून अधिक तापमानाला वितळणारी आहेत. उड्डाणानंतर समुद्रातून परत मिळविलेल्या हाफ्नियम बोराइडच्या चारही तुकड्यांना अनेक तडे गेलेले आढळले. मात्र वितळल्याच्या, जळाल्याच्या किंवा झडल्याच्या खुणा नव्हत्या. तडकलेल्या पृष्ठभागांवर मूळ मालातच असलेले दोष दिसून आले. पदार्थ आगीत हरला नव्हता. तो भट्टीतूनच दुबळा बाहेर पडला होता. भुकटी मिसळणे आणि भाजणे या कामातील प्रत्येक उणीव अखेर उड्डाणात उघडी पडते, हे यावरून स्पष्ट झाले.

दुसरी घटना अधिक दुःखद आहे. 'कोलंबिया' या यानाच्या पंखांच्या पुढील कडेला कार्बन तंतू आणि कार्बन यांच्या संमिश्राची आवरणे होती. कार्बन हवेत जळतो. म्हणून त्याच्या बाहेरील थराचे सिलिकॉन कार्बाइडमध्ये रूपांतर केलेले होते. सुमारे १६५० अंशांपर्यंतची उष्णता सोसण्याची त्यांची योजना होती. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी बाहेरील टाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना त्या जागेतून तप्त वायू आत शिरले आणि आपल्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीरांचा अंत झाला. त्याच वर्षी जुलैमध्ये तशाच आवरणावर फेसाचा तुकडा वेगाने मारून पाहिला, तेव्हा सुमारे ४० सेंटिमीटर रुंद भगदाड पडले. ज्या पदार्थाने अनेक उड्डाणांची आग सोसली होती, तो एका हलक्या तुकड्याच्या आघातापुढे टिकला नाही.

चौकशी मंडळाने या आवरणांच्या संथ झिजेचीही नोंद घेतली होती. उड्डाणमंचावरील रंगातील जस्त पावसाच्या पाण्याबरोबर पंखांवर येत असे आणि त्यामुळे लेपात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडत. अपघाताचे कारण ते नव्हते. परंतु कोणत्याही प्रयोगशाळेने आधी कल्पिली नसेल अशी बाब, म्हणजे मंचावरील रंग आणि पाऊस, पदार्थाच्या आयुष्यात हात घालू शकते, हे यातून कळते.

आपल्या देशातही या विद्येचा उपयोग होऊ लागला आहे. विक्रम साराभाई यांचे नाव धारण करणाऱ्या तिरुवनंतपुरम येथील अवकाश केंद्राने पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बन संमिश्राचे नळकांडे विकसित केल्याचे 'इस्रो'ने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. त्यावर ऑक्सिडीकरण रोखणारा सिलिकॉन कार्बाइडचा लेप आहे. महेंद्रगिरी येथे १९ मार्चला ६० सेकंदांची आणि २ एप्रिलला २०० सेकंदांची ज्वलनचाचणी झाली. धातूच्या नळकांड्याच्या तुलनेत वजन सुमारे ६७ टक्क्यांनी घटते आणि अग्निबाण १५ किलो अधिक भार नेऊ शकतो. चाचणी आधी ६० सेकंदांची आणि मग २०० सेकंदांची, हा क्रमही बोलका आहे. विश्वास टप्प्याटप्प्याने कमवावा लागतो.

चार प्रश्न

अमुक पदार्थ चार हजार अंशांजवळ वितळतो, अशा बातम्या वरचेवर येतात. हाफ्नियम आणि टँटलम यांची कार्बाइडे खरोखरच ३९०० अंशांच्या आसपास वितळतात. पण हवेत त्याहून कितीतरी कमी तापमानाला त्यांचे ऑक्सिडीकरण होऊन सच्छिद्र, रक्षण न करणारे कवच बनते. अशी बातमी वाचताना चार प्रश्न मनाशी विचारावेत. हा पदार्थ किती तास टिकला? कोणत्या हवेत, कोरड्या की वाफेच्या? किती वेळा तापून थंड झाला? आणि चाचणीतला तुकडा केवढा होता? कर्जदाराची पत जशी एका ताळेबंदावरून ठरत नाही, तशीच पदार्थाची पत एका आकड्यावरून ठरत नाही.

आपल्या समाजातील कितीतरी तरुण आज रसायन, यंत्र आणि धातुशास्त्र या शाखांत शिकत आहेत. काही कुटुंबे पंप, भट्ट्या आणि सुटे भाग यांच्या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भुकटी बारीक करणे, ती एकसारखी मिसळणे, भट्टीचे तापमान अंशाअंशाने सांभाळणे आणि प्रत्येक घाणीची नोंद ठेवणे ही कामे दिसायला साधी आहेत. त्यांचे फळ मात्र दूरवर, कोणाच्या तरी प्रवासात आणि कोणाच्या तरी जीवितात प्रकट होते. ज्या तरुणांना या क्षेत्रात पाऊल टाकायचे असेल, त्यांनी भट्टीपाशी उभे राहून आरंभ करावा. तेथील शिस्त अंगी बाणली, की पुढची आग सोसणारी वस्तू घडविता येते.